छत्तीस अधिक चौसष्ट

आत्याच्या शिकवणीची सगळी ख्याती एका वाक्यावर उभी होती. मूल फळ्यापाशी आलं की आत्या खुर्चीत टेकायची, चष्मा कपाळावर चढवायची आणि म्हणायची, "मला यातलं ओ की ठो कळत नाही असं धरून चाल. आता शिकव मला."

मुलं या वाक्यावर बेहद्द खूश होती. मोठ्या माणसाला शिकवायचं म्हणजे काय चैन. अडखळत अडखळत ती गणित सोडवायची, आत्या मध्येच भोळा चेहरा करून विचारायची, "पण हे असं का?" आणि मूल दुप्पट जोरानं समजावून सांगायचं. पालक तर या पद्धतीचे गोडवे गात हिंडायचे. औषधाच्या दुकानदारानं कुठेतरी वाचलं होतं म्हणे, की शिकवण्याची सर्वांत पुढारलेली रीत हीच. मुलाला आपण काही सांगायचंच नाही, त्याच्याकडून काढून घ्यायचं.

काढून घेण्यात आत्या पटाईत होती, यात वादच नाही. अडचण एवढीच होती, की यात धरून चालण्यासारखं काही नव्हतं. आत्याला खरोखरच ओ की ठो कळत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, मग बाई शिकवणी घ्यायला बसली कशाला? तर ती बसली नव्हती, तिला हळूहळू बसवलं गेलं होतं. लग्न मोडून ती दादाच्या घरी परत आली तेव्हा घरात तिच्यासाठी जागा निघाली ती पॅसेजमध्ये. एका बाजूला शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला जुन्या पांघरुणांचं कपाट आणि मध्ये तिची खाट. न्हाणीघरात जाणाऱ्या प्रत्येकाला तिच्या पायांना वळसा घालून जावं लागायचं. वहिनी वाईट नव्हती. पण "वन्सं, बसलाच आहात तर एवढी भाजी निवडा" हे वाक्य ती दिवसातून इतक्यांदा म्हणायची, की आत्याला बसायचीच भीती वाटू लागली होती.

त्या दिवसांत भाचा तिसरीत होता. आत्या त्याचा गृहपाठ घेऊ लागली आणि पोरगा पाढे धडाधड म्हणायला लागला. ते ऐकून खालच्या मजल्यावरचं एक मूल आलं, मग समोरच्या गल्लीतली दोन. भाचा 'आत्या' म्हणायचा म्हणून सगळीच आत्या म्हणू लागली. पुढे भाचा वसतिगृहावर शिकायला गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दादानं पुढच्या खोलीच्या भिंतीवर काळा रंग लावून फळा करून दिला. आणि एक दिवस आत्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं, दाराशी आलेल्या कुणाला तरी वहिनी दबक्या आवाजात सांगत होती, "सहानंतर या हं, आत वर्ग चाललाय."

त्या एका वाक्याची किंमत ज्याला कळत नाही तो कधी पॅसेजमध्ये झोपलेला नाही. चार ते सहा ती खोली आत्याची होती. त्या वेळात तिला कुणी भाजी निवडायला सांगत नव्हतं.

पण मुलांची एक वाईट खोड असते, ती दर वर्षी वरच्या इयत्तेत जातात. चौथी, पाचवी काही वाटलं नाही. सहावीत घाम फुटायला लागला. आत्यानं स्वतः आठवीनंतर गणित सोडलं होतं, तोवरचंही जेमतेमच, त्या काळी मुलींना ते सोडता यायचं आणि सोडलं म्हणून घरात कुणी विचारायचंही नाही. सातवीच्या पुस्तकात अक्षरांची बेरीज-वजाबाकी सुरू झाली तेव्हा तिनं दुपारभर ते पान समोर धरलं आणि शेवटी पुस्तक मिटून ठेवलं. लहान मुलांची नवी शिकवणी काढावी, तर या मोठ्यांना काय सांगणार? पुढचं मला येत नाही, हे सांगावं लागलं असतं. एकाला सांगितलं की सगळ्या गल्लीला कळणार, वहिनीला कळणार, आणि मग खोली जाणार. त्या दिवशी चारच्या ठोक्याला मुलं आली, वह्या उघडून बसली, आणि आत्याच्या तोंडून वेळ मारून नेण्यासाठी ते वाक्य निघालं. समोर लाँड्रीवालीची थोरली बसली होती. ती उठली, खडू घेतला आणि आत्याला शिकवलं.

तेव्हापासून हा गाडा थोरलीच ओढत होती.

थोरली म्हणजे उंच, हाडकुळी, केसांचा घट्ट शेपटा आणि बोलणं कमी. आई दिवसभर इस्त्रीच्या टेबलामागे उभी, त्यामुळे धाकट्या भावंडाला जेवू घालून ही शिकवणीला यायची. कोऱ्या पानावर नजर टाकली तरी हिला गणिताचं पुढचं पाऊल दिसायचं. आत्याची युक्ती अशी, की नवा धडा आला की पहिल्यांदा थोरलीला उठवायचं. ती समजावायची तेव्हा आत्या डोळ्यांत तेल घालून बघायची, मनात घोकायची, आणि मग तेच बाकीच्या सात जणांकडून काढून घ्यायची. कुणी चुकलं तर आत्या थोरलीकडे नुसती नजर टाकायची. थोरलीच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं. भुवई वर गेली की चूक, चेहरा शांत असला की बरोबर. असं करत करत वर्ग नववीपर्यंत येऊन पोहोचला होता.

नववीच्या सुरुवातीला लाँड्रीवाली कपड्यांचा गठ्ठा पोचवायला आली आणि दारातच म्हणाली, "आत्या, शाळेत निवडक तुकडी काढतायत. आमच्या थोरलीचं नाव घेतलंय सरांनी. चाचणीत चांगली उतरली की झालं. मग त्या मुलांना संध्याकाळपर्यंत शाळेतच शिकवणार, सगळं फुकट. तुमच्याच कृपेनं हो."

"अगं चांगलंच आहे की," आत्या म्हणाली. तिनं हसून गठ्ठा आत घेतला.

थोरली गेली की वर्ग आठ दिवसही चालणार नाही, हे तिला त्याच क्षणी दिसलं. त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या मनात एक घाणेरडा विचार येत राहिला, की पोरीची निवड नाही झाली तर बरं. ती तो हाकलायची. तो पुन्हा यायचा.

मग वर्गमुळांचा धडा आला. सोपं रूप द्या, असं पुस्तक म्हणायचं. म्हणजे मुळाच्या चिन्हाखालची संख्या फोडायची, सारख्या अवयवांची जोडी सापडली की त्यातला एक बाहेर काढायचा, उरलंसुरलं आत ठेवायचं. थोरलीनं √50 फळ्यावर लिहिलं, पाच पाच दोन असं फोडलं, आणि म्हणाली, "पाचाची जोडी आहे, एक पाच बाहेर. दोन एकटा, तो आत. पाच रूट दोन." हे आत्याला कळलं. नुसतं घोकलं नाही, खरोखर कळलं. आयुष्यात पहिल्यांदा गणितातली एक गोष्ट तिला आरपार दिसली, आणि त्या दुपारी तिनं न्हाणीघराच्या दारामागे उभं राहून मनातल्या मनात √18 सोडवलं, √75 सोडवलं, √98 सुद्धा. कुणाला सांगणार? शिकवणाऱ्या बाईला शिकल्याचा आनंद होतो हेच सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुढचं गणित होतं, चिन्हाखाली अधिक असलेलं. √(9 + 16).

थोरली फळ्यापाशी जरा थांबली. घरी धाकट्याला ताप होता, रात्री झोप नव्हती, डोळे तारवटलेले. "कालचंच आहे," ती म्हणाली. "गुणाकारात दोघांची मुळं वेगवेगळी काढली ना, तसंच बेरजेत. नऊचं तीन, सोळाचं चार. सात."

चेहरा शांत होता. आत्यानं मान हलवली. मग एकेकाला उठवून तिनं तेच घटवून घेतलं. "मला ओ की ठो कळत नाही, शिकव मला." सात वेळा शिकून झालं. कुणाच्या डोक्यात ते राहणार नाही अशी शक्यताच तिनं ठेवली नाही.

चाचणी झाली. आणि एका दुपारी लाँड्रीवाली आली ती गठ्ठ्याशिवाय, हात ओलेच.

"आत्या, शाळेतून बोलावणं आलं. आपल्या आठही पोरांनी नक्कल केली म्हणतात. एका गणितात आठ जणांचं एकच चुकीचं उत्तर. थोरली मधल्या रांगेत होती, तिनंच दाखवलं असं सरांचं म्हणणं. निवडक तुकडीतून नाव काढतायत." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी मारलं हो तिला. कधी नाही ते मारलं. तरी तोंड उघडत नाही पोरगी. तुम्ही जाऊन सांगा ना सरांना. तुमच्या शब्दाला वजन आहे."

"कुठलं गणित?" आत्यानं विचारलं.

लाँड्रीवालीनं कागदाचा तुकडा पुढे केला. √(36 + 64). उत्तर चौदा. त्यावर लाल फुली.

ती गेल्यावर आत्या स्वयंपाकघरात फरशी पुसायला बसली. हाताला काम असलं की तिचं डोकं चालायचं. सहा आणि आठ चौदा, यात चुकलं काय? मग तिचं लक्ष फरशीकडे गेलं. चौकोनी फरश्या, एकाला एक लागून. तिनं ओल्या बोटानं तीन बाय तीनचा चौकोन आखला, नऊ फरश्या. शेजारी चार बाय चारचा, सोळा फरश्या. दोन्ही मिळून पंचवीस. आणि सात बाय सातचा चौकोन करायचा तर ओट्यापासून दारापर्यंत जावं लागत होतं. एकोणपन्नास फरश्या. पंचवीस फरश्यांचा चौकोन पाचाचाच होतो. छत्तीस आणि चौसष्ट शंभर, आणि शंभराचं मूळ दहा, हे तर तिसरीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. बेरीज आधी करायची होती. एवढंच.

ती तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिली. तिला एकाच वेळी गणित कळलं होतं आणि आपण काय करून ठेवलंय तेही.

"वन्सं, बसलाच आहात तर..." वहिनी दारातून म्हणाली, आणि तिचा चेहरा बघून पुढचं गिळून टाकलं.

त्या संध्याकाळी आत्यानं मनाशी ठरवलं. शाळेत जायचं आणि खरं सांगायचं. मुलांनी नक्कल केली नाही, मीच चुकीचं शिकवलं, कारण मला येत नाही. खोली गेली तर गेली. नवल म्हणजे, ठरवल्यावर तिला भीती वाटायच्या ऐवजी हलकं वाटलं. दोन वर्षं अंगात घातलेला, बगलेत काचणारा झंपर उतरवून ठेवायचा होता. त्यात पोरीचंही भलं होतं.

शाळेतलं मुख्याध्यापिकाबाईंचं ऑफिस अरुंद होतं. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, कोपऱ्यात घरघरणारं पाण्याचं यंत्र, एका बाजूला चाकांवरचा छोटा फळा. बाई टेबलामागे होत्या. गणिताचे सर खिडकीला टेकून उभे होते, शर्टाच्या खिशावर खडूची पांढरी बोटं. आठ पेपर काचेच्या गोळ्याखाली ठेवलेले.

"वर्गात चुकलेली पोरं पुष्कळ आहेत," सर म्हणाले. "पण प्रत्येकाची चूक आपापली आहे. कुणी गोंधळून छत्तीसच लिहिलंय, कुणी सोडूनच दिलंय. या आठांची मात्र एकच. आठ जणांना एकच चूक आपोआप सुचते होय?"

"सुचली नाही. मी शिकवली," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"बेरजेत मुळं वेगवेगळी काढायची असं मी सांगितलं. सगळ्यांकडून घटवून घेतलं. त्यांचा काही दोष नाही."

सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी सरांकडे. सर फळ्यापाशी गेले आणि त्यावर लिहिलं, √(36 + 64). खडू आत्यासमोर धरला. "सोडवून दाखवा बरं."

आता ही वेळ बघा. दोन वर्षं या बाईनं न येणारी गणितं येतात असं दाखवलं होतं. आणि जेव्हा एक गणित खरंच आलं, नेमकं तेव्हाच ते येत नाही असं दाखवायची पाळी आली. दहा लिहिण्यासाठी बोटं शिवशिवत होती. तिनं दात आवळून लिहिलं, 6 + 8, आणि खाली चौदा.

सर बघत राहिले, फळ्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त. "बरं," ते म्हणाले. "आता हे करा." आणि त्यांनी खाली लिहिलं, √72.

तिथं घात झाला. आत्याला पुढे कितीदा वाटलं, की त्या क्षणी आपला हात मोडला असता तर बरं झालं असतं. पण एक खरा गणिताचा मास्तर समोर उभा होता, आणि त्यानं नेमकं तेच विचारलं होतं जे तिला जीवापाड येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिची परीक्षा घेत होतं. तिला कळायच्या आत हात चालू लागला. बहात्तर, दोन दोन दोन तीन तीन. दोनाची जोडी, एक बाहेर. तीनाची जोडी, एक बाहेर. एक दोन उरला, तो आत. 6√2. तिनं शेवटच्या दोनावर चिन्हाची रेघ नीट ओढली, खडू ठेवला, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय केलं.

सर हसत होते. हसण्यात कुचेष्टा नव्हती, तेच वाईट.

"वाटलंच मला. हे ज्याला येतं, त्याला शंभराचं मूळ येत नाही? बाई, मुलांसाठी तुम्ही खोटं बोलताय."

"नाही हो. हे तेवढं येतं. बाकी मला खरंच येत नाही. बेरजेचं परवा दुपारी फरशी पुसताना कळलं."

"फरशी पुसताना," सर म्हणाले, आणि आता बाईही हसल्या. "तुमची पद्धत ऐकून आहे मी. औषधाच्या दुकानात कुणी दुसरं बोलतच नाही. मला काही येत नाही असं धरून चाला आणि मला शिकवा. आम्हालाही तसंच कामाला लावताय का?"

"पद्धत नाही ती, सर," आत्याचा आवाज चढला. "पाया पडते तुमच्या, ते खरं आहे. मला ती पोरगी शिकवते. सातवीपासून तीच शिकवते."

मुख्याध्यापिकाबाईंचे डोळे चक्क पाणावले. "आपल्या विद्यार्थ्याला एवढं मोठेपण देणारं कुणी बघितलं नव्हतं मी," त्या म्हणाल्या. "सर, या बाईंकडे बघून आपण हे प्रकरण इथंच मिटवू. पोरांवर शेरा नको. पुन्हा परीक्षा घ्या, संपलं. निवडक तुकडीचं मात्र यंदा नाही जमायचं. संशय आला की आला. तोवर ती तुमच्याकडे आहेच की. आमच्या तुकडीपेक्षा चांगल्या हाती."

आत्या आणखी काहीतरी बोलली. काय, ते तिलाच नंतर आठवेना. सर तिला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि एकदा शाळेतल्या शिक्षकांना तुमच्या पद्धतीबद्दल दोन शब्द सांगा, असं आग्रहानं म्हणाले.

गल्लीत बातमी तिच्या आधी पोहोचली. आत्यांनी पोरांसाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. औषधाच्या दुकानदारानं दुकानातून खाली उतरून हात जोडले. लाँड्रीवाली रडलीच. "तुकडी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "आता दहावी होईपर्यंत ती तुमच्याच पायाशी. मला दुसरं कुणी नकोच." आणि घरी वहिनीनं न मागता चहा आणून दिला. "वन्सं," ती म्हणाली, "खालच्या दोघी विचारत होत्या, त्यांच्या पोरींना घ्याल का. म्हटलं विचारून सांगते. खोली थोडी लहानच पडेल, नाही?"

जी खोली जाईल म्हणून दोन वर्षं जीव मुठीत धरला, ती आता कुणीही घ्यायला तयार नव्हतं. आत्यानं चहा घेतला. तिला सुटायचं होतं, आणि प्रत्येक जण बाहेरून प्रेमानं कडी लावत होता.

दुसऱ्या दिवशी थोरली चारच्या बरीच आधी आली. चटई अजून अंथरायची होती. गालावर आईच्या हाताची खूण पुसट झालेली.

"आत्या, तुम्ही शाळेत का गेलात?"

"तुझं नाव परत घालावं म्हणून. नाही जमलं मला. माझ्या हातानं घालवलं मी." आत्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं. "चूक तुझी नव्हती. तू थकली होतीस त्या दिवशी. बघायला हवं होतं ते मी."

थोरली चटईची गुंडाळी उलगडत होती. ती म्हणाली, "ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. शाळेत जाताना. पंचवीसचं मूळ पाच असतं ना."

"मग चाचणीत चौदा का लिहिलंस?"

चटईचा कोपरा दुमडला होता, तो थोरलीनं सरळ केला.

"बोल की ग."

"मी एकटीनं दहा लिहिलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं. आत्यांनी तर चौदा शिकवलं, मग बरोबर कसं काय आलं तुला? औषधवाल्यांची बारकी तर लगेच विचारते. मग त्यांना कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. दया नव्हती त्या नजरेत, ते जरा तरी सोसलं असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून जिना उतरवताना माणूस जसं सवयीनं बघतं, तसं ती बघत होती. आत्याला कळलं, की या पोरीला सातवीपासून सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. भुवई वर करणं, चेहरा शांत ठेवणं, ते आपोआप उमटत नव्हतं. ती ते आत्यासाठी करत होती.

आत्याला मोठ्यांदा रडावंसं वाटलं. पण चार वाजत आले होते आणि जिन्यावर पावलं वाजत होती. तिनं थोरलीचा दंड धरला.

"ऐक. आजपासून तू फळ्यापाशी यायचं नाहीस. मागे भिंतीला टेकून बसायचं, आपला अभ्यास करायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि माझ्याकडे बघायचं नाही. तुझ्या तोंडावरची रेघसुद्धा हलता कामा नये. कळलं?"

"मग तुम्ही कशा..."

"ते माझं मी बघेन. शपथ आहे तुला माझी."

थोरलीनं मान हलवली आणि मागे जाऊन बसली. आत्याला वाटलं, निदान हिला तरी सोडवलं. बाकीची मुलं आत आली, नेहमीसारखी ढकलाढकली झाली, वह्या उघडल्या. फेरपरीक्षा जवळ आलेली. आत्या उभी राहिली, पुस्तकातलं पुढचं गणित तिनं फळ्यावर उतरवलं. √50 + √8.

हे तिला येत नव्हतं. सुटं सुटं दोन्ही येत होतं, पण मधे अधिक होतं, आणि या अधिकाच्या चिन्हानं तिला एकदा तोंडघशी पाडलं होतं. आधी बेरीज करायची? की आधी फोडायचं? तिनं पोरांकडे वळून स्पष्ट सांगितलं, "मला हे येत नाही."

पोरं खुदकन हसली. आत्या आज सुरातच होत्या.

"खरंच येत नाही," आत्या म्हणाली. तेव्हा ती आणखी हसली.

आणि मग पहिल्या रांगेतून एक हात वर झाला. बारकी. औषधाच्या दुकानदाराची धाकटी, नावाप्रमाणे अंगानं बारकी, सहा वर्षांत बोलावल्याशिवाय एकदाही फळ्यापाशी न आलेली. प्रश्न शंभर विचारायची, पण उत्तर द्यायची वेळ आली की ही बाकीच्यांच्या आड. "आत्या," ती म्हणाली, "आज मी शिकवू तुम्हाला?"

आत्यानं खडू दिला. दुसरं काय करणार?

बारकीनं पन्नास फोडले, पाच बाहेर काढला. आठ फोडले, दोन बाहेर काढला. 5√2 + 2√2. मग तिनं ओठ चावत बराच वेळ विचार केला. "दोन्हीकडे रूट दोनच आहे," ती हळूच म्हणाली. "पाच रूट दोन आणि दोन रूट दोन. म्हणजे सात रूट दोन." लिहून ती वळली. तोंड आनंदानं लाल झालं होतं. "बरोबर आहे ना, आत्या?"

सगळी पोरं आत्याकडे बघत होती. आत्यानं नजर मागच्या भिंतीकडे टाकली. थोरली वहीवर वाकली होती. शेपटा पुढे पडला होता, चेहरा दिसत नव्हता. शपथ घातलेली पोरगी शपथ पाळत होती.

मुळं सुटी काढून बेरीज केली की चौदा येतात आणि पोरांच्या पेपरवर लाल फुली येते, एवढंच आत्याला माहीत होतं. इथंही मुळं सुटी काढली होती, इथंही बेरीज केली होती. पुन्हा सात पोरं सात ठिकाणी तेच लिहिणार, पुन्हा तोच गोळ्याखालचा गठ्ठा.

"चूक," ती म्हणाली. "पूस ते."

बारकीनं एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. का चूक, हे विचारायलाही, तिच्यासारख्या पोरीला, धीर झाला नाही. तिनं बाहीनंच फळा पुसला, आधी सात, मग बाकीचं, आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

तेव्हा मागे थोरलीनं मान वर केली. फक्त क्षणभर. पण आत्यानं तो चेहरा सातवीपासून वाचलेला होता. बारकीचं बरोबर होतं.

फळा तोवर कोरा झाला होता, आणि बाकीची मुलं आपापल्या वहीत उतरवून घेतलेलं उत्तर मुकाट्यानं खोडत होती.